खडा फुटला, पण पडला का?

मृग लागायला दोन दिवस बाकी होते. घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवणशक्ती कशी तपासायची, हे दाखवायला मी दारव्हा तालुक्यातील एका गावी गेलो होतो. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडले, गुंडाळी करून सावलीत ठेवली आणि लोक पांगले. ओळखीचे एक शेतकरी तेवढे मागे राहिले. मार्चमध्ये नागपूरला जाऊन ते मुतखडा मशीनवर फोडून आले होते. पंधरा दिवसांनी पुन्हा तपासणीला या, असे डॉक्टरांनी बजावले होते. ते गेलेच नव्हते. का नाही गेलात, असं विचारलं तर म्हणाले, “आता दुखतच नाही ना जी, मंग कायले जाऊ? जाण्यायेण्याचा खर्च, अन् पेरणी तोंडावर.”

खरं सांगायचं तर मलाही ते पटलं. मी मान डोलावली आणि पुढच्या गावाला निघालो.

डवरणीच्या दिवसांत त्यांना थंडी वाजून ताप भरला. पावसाळ्याचा ताप समजून तीन दिवस गोळ्या खाण्यात गेले. चौथ्या दिवशी सोनोग्राफी झाली तेव्हा उलगडा झाला. फुटलेल्या खड्याचा चुरा मूत्रनलिकेत साचून बसला होता, वर किडनी तुंबून फुगली होती आणि आत पू धरला होता. डॉक्टरांनी तातडीने नळी टाकून जीव वाचवला, किडनीही वाचली. पण ती आता पूर्वीइतके काम करीत नाही. त्या हंगामात निंदण, फवारणी, वेचणी सगळं दुसऱ्याच्या हातानं झालं.

मी डॉक्टर नाही, शेतकीची पदविका घेतलेला माणूस आहे. पण त्या दिवशी मी मान डोलावली नसती तर, हा विचार डोक्यातून जात नाही. म्हणून त्यानंतर या विषयावर जाणत्यांना विचारलं, वाचलं आणि जे पक्कं समजलं तेच इथं लिहितो आहे. सांगायची गोष्ट एकच. खडा फोडणं हे मशीनचं काम. फुटलेला खडा बाहेर पडला की नाही हे पाहणं आपलं काम. आणि दुखणं थांबलं म्हणजे खडा पडला, असं मुळीच नाही.

मशीन नेमकं काय करतं?

आपल्याकडे “शॉक देऊन खडा फोडला” असं म्हणतात, त्यामुळे अनेकांना वाटतं की अंगात वीज सोडतात. तसं काही नाही. या शॉक म्हणजे दाबाच्या लहरी असतात. आपल्या शरीराच्या मांसल भागात पाण्याचं प्रमाण भरपूर, त्यामुळे या लहरी त्यातून फारसा अडथळा न येता जातात. कठीण खड्यावर आदळल्या की तो तडकतो. एका वेळी साधारण दोन ते तीन हजार ठोके देतात, त्याला पाऊण ते एक तास लागतो. चिरफाड नाही, टाका नाही.

या यंत्राचा जन्मही गमतीदार आहे. जर्मनीतील डॉर्नियर ही विमानं बनवणारी कंपनी. अतिवेगानं उडणाऱ्या विमानावर पावसाचा थेंब आदळला तर पत्र्याला आतपर्यंत इजा का होते, याचा अभ्यास तिथं चालू होता. त्यातून या लहरींचा उपयोग खड्यावर करता येईल, ही कल्पना पुढे आली. म्युनिक शहरात डॉ. ख्रिश्चन शाउसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७ फेब्रुवारी १९८० रोजी पहिल्या रुग्णावर हा उपचार केला. त्या वेळी रुग्णाला पाण्यानं भरलेल्या मोठ्या टबात बसवावं लागे. आता टब गेला, टेबलावर झोपवून काम होतं.

पण तेव्हापासून आजपर्यंत एक गोष्ट बदललेली नाही. मशीन खड्याचे तुकडे करतं, ते उचलून बाहेर काढत नाही. तुकडे लघवीवाटेच यावे लागतात.

चुरा अडतो कुठे?

ज्यांच्या शेतात ठिबक आहे त्यांना हे चटकन कळेल. किडनीतून मूत्राशयापर्यंत जाणारी मूत्रनलिका ही २५ ते ३० सेंटिमीटर लांबीची बारीक नळी. आतून तीन ते चार मिलिमीटरच रुंद. त्यातही तीन जागा अधिक अरुंद: किडनीतून नळी निघते ती, ओटीपोटात मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडते ती, आणि मूत्राशयात शिरते ती. चुरा बहुधा या तीन ठिकाणीच अडतो.

लॅटरलमध्ये गाळ साचला तर काय होतं? पुढचे ड्रीपर कोरडे पडतात आणि मागे दाब वाढतो. मूत्रनलिकेतही तेच. कधीकधी मोठा तुकडा पुढे अडतो आणि त्याच्यामागे बारीक रेतीची रांगच लागते. जर्मन भाषेत याला “श्टाइनश्ट्रासे” म्हणजे दगडांचा रस्ता असं नाव आहे, जगभरचे डॉक्टर तेच वापरतात.

यातली घातकी गोष्ट अशी की नळी तुंबल्यावर सुरुवातीला कळ येते, पण पुढे कळ थांबूही शकते. माणसाला वाटतं, बरं झालं. आत मात्र किडनी आठवड्यामागून आठवडे दाबाखाली राहते आणि हळूहळू निकामी होते. दुसरी किडनी काम सांभाळून घेते, म्हणून बाहेर काही दिसत नाही. विहिरीचा एक झरा आटला तरी दुसऱ्यावर पंप चालतो, आणि झरा आटल्याचं आपल्याला उन्हाळ्यातच कळतं. तसाच हा प्रकार.

पेले मोजू नका, लघवी मोजा

लॅटरल साफ करायची तर टोकाची बूच उघडून पाण्याचा जोर सोडतो. खड्याचा चुरा वाहून न्यायलाही पाणीच लागतं. पण “भरपूर पाणी प्या” या सांगण्यात एक गोम आहे. गादीवर बसणाऱ्याचं भरपूर वेगळं आणि मे महिन्यात पराटीच्या रानात धसकटं वेचणाऱ्याचं भरपूर वेगळं. आपल्या जिल्ह्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. प्यालेल्या पाण्यातलं बरंचसं घामावाटे उडून जातं, किडनीच्या वाट्याला उरतं ते थोडंच.

म्हणून हिशेब उलटा करावा. दिवसभरात दोन ते अडीच लिटर लघवी झाली पाहिजे. एखाद्या दिवशी घरी असताना जुन्या बाटलीवर खूण करून चोवीस तासांची लघवी मोजून पाहा. एकदा अंदाज आला की रोज मोजायची गरज नाही, रंग पाहिला तरी पुरे. फिक्या कडब्याच्या रंगाची असेल तर ठीक, हळदीच्या पाण्यासारखी गडद असेल तर पाणी कमी पडतंय. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतली असेल तर मात्र रंग फसवतो.

पाणी दिवसभरात विभागून घ्यावं. झोपताना एक पेला, रात्री उठलात तर आणखी एक. उन्हात काम करणाऱ्याला यासाठी चार-पाच लिटर पाणीही लागू शकतं. कळ जोरात चालू असताना मात्र तांब्यावर तांब्या रिचवू नये. नळी अडलेली असताना जबरदस्तीनं पाणी ढकललं तर खडा लवकर पडत नाही, उलट दुखणं वाढू शकतं. हृदयविकार असेल, पायावर सूज असेल किंवा किडनी आधीच कमजोर असेल, त्यांनी किती पाणी प्यायचं हे डॉक्टरांनाच विचारावं.

दोन गोष्टी आपल्या भागापुरत्या. पांढरकवडा परिसरात बोअर-विहिरींच्या पाण्यात फ्लोराईड जास्त असल्याचं तपासण्यांतून दिसून आलेलं आहे. अशा गावात पाणी वाढवा म्हणजे कोणतंही पाणी वाढवा असं नव्हे; तपासून सुरक्षित ठरलेल्या स्रोताचंच पाणी प्यावं. आणि फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी त्यात पिण्याचं पाणी नेऊ नये, कधीच नाही.

गोळी, चालणं आणि एसटीची मागची सीट

तुकडे उतरायला मदत म्हणून डॉक्टर बरेचदा टॅमसुलोसिनसारखी गोळी देतात. ती मूत्रनलिका सैल करते. या गोळीनं उठताना चक्कर येऊ शकते, रक्तदाब उतरू शकतो. म्हणून बैलजोडी किंवा ट्रॅक्टर हाकणाऱ्यानं सुरुवातीचे दिवस जपावं. शेजाऱ्याची उरलेली गोळी घेऊ नये. दुखण्याच्या गोळ्यांचंही तसंच. किडनी कमजोर असेल तर दुकानातून मनानं घेतलेली वेदनाशामक गोळी किडनीलाच मारक ठरते.

उपचारानंतर दिवसभर पडून राहायचं कारण नाही. डॉक्टरांनी मोकळं केलं की हिंडावं, फिरावं. ओझी उचलणं काही दिवस टाळावं. आणि बरगडीखाली मालीश करून घेऊ नये. लहरींच्या ठोक्यांनी किडनीला आतून थोडा मार बसलेला असतो, वरून चोळलं तर रक्तस्राव होऊ शकतो. एक-दोन दिवस लघवी लालसर होणं हे साहजिक आहे, त्यानं घाबरू नये.

किडनीच्या तळकप्प्यात राहिलेला चुरा सर्वांत चिवट. तळ्याच्या खोलगट भागातला गाळ सांडव्यावरून जात नाही, तसा तो वर चढून नळीत येत नाही. यासाठी काही ठिकाणी एक उपाय करतात. आधी रुग्णाला पाणी पाजतात, मग डोकं खाली आणि कंबर वर राहील असं उतरत्या टेबलावर पालथं झोपवून कुशीवर हलके हलके थोपटतात. काही रुग्णांना याचा फायदा झाल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. पण हे जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच. रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू असणाऱ्यांनी किंवा गरोदर बाईनं उलटं लोंबकळणं धोक्याचं आहे.

आपल्याकडे म्हातारी माणसं सांगतात, “बंडीत बस, नाही तं एसटीच्या मागच्या सीटवर बस, खडा खाली येते.” हसण्यावारी नेऊ नका. अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या विद्यापीठातील डॉ. डेव्हिड वॉर्टिंजर यांच्याकडे एक रुग्ण आला. जत्रेतल्या झुकझुक गाडीसारख्या, पण फार वेगानं वरखाली धावणाऱ्या पाळण्यात बसल्यावर खडा पडला, असं तो सांगत होता. डॉक्टरांनी किडनीची सिलिकॉनची प्रतिकृती केली, तिच्यात खरे खडे आणि लघवी भरली आणि ती फ्लोरिडातील अशाच एका पाळण्यात वीस वेळा फिरवली. मागच्या सीटवर ३६ पैकी २३ वेळा खडा जागचा हलून बाहेर आला, पुढच्या सीटवर २४ पैकी फक्त ४ वेळा. हा अभ्यास २०१६ साली छापून आला. म्हणजे हलण्याचा उपयोग होऊ शकतो, एवढं त्यातून दिसतं. पण ती प्रतिकृती होती, माणूस नव्हे; आणि खडे बारीक होते. तेव्हा एसटीनं जायचंच असेल तर तपासणीसाठी जावं. मागची सीट मिळाली तर उत्तमच.

खडा जपून ठेवा

याच दिवसांतली दुसरी एक आठवण. एक शेतकरी माती परीक्षणाचा नमुना घेऊन कार्यालयात आले. पिशवीसोबत त्यांनी तंबाखूची एक छोटी डबी टेबलावर ठेवली. म्हणाले, “साहेब, हेबी तपासून द्या ना.” उघडून पाहतो तर आत तपकिरी रेती आणि ज्वारीच्या कणीएवढे तीन खडे! त्यांनी मशीनचा उपचार झाल्यापासून रोज लघवी फडक्यातून गाळून हे जमवलं होतं. आमच्याकडे खडा तपासत नाहीत, असं सांगून मी त्यांना डॉक्टरांकडे धाडलं. पण मनात म्हटलं, हा माणूस शहाणा आहे.

मातीचा नमुना पाहिल्याशिवाय खताची मात्रा ठरवू नये, तसंच हे. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, काही युरिक आम्लाचे, काही जंतुसंसर्गातून होणारे. प्रत्येकाचं पथ्य आणि औषध वेगळं. म्हणून उपचारानंतर लघवी मलमलच्या फडक्यातून किंवा वेगळ्या ठेवलेल्या चहाच्या गाळणीतून करावी. सापडलेले कण धुऊन, वाळवून, तारीख लिहून डबीत ठेवावेत आणि पुढच्या भेटीत न्यावेत.

या खुणा दिसल्या तर घरी थांबू नका

पुढील पाचांपैकी एकही गोष्ट झाली तर रात्र असो की पेरणी, त्याच वेळी निघावं:

१. थंडी वाजून ताप. अडलेली नळी आणि ताप ही जोडगोळी जीवघेणी असते, काही तासांत बिघडू शकते.
२. लघवी थांबणं किंवा अगदी थेंब थेंब होणं.
३. गोळीनं न थांबणारी कळ.
४. पाणीही पोटात ठरत नाही अशा उलट्या.
५. लघवीतून रक्ताच्या गाठी जाणं, किंवा लालसरपणा दिवसेंदिवस वाढत जाणं.

ज्यांना एकच किडनी आहे त्यांनी तर साध्या दुखण्यावरही डॉक्टरांना कळवावं. तापाच्या रुग्णानं डॉक्टरांसमोर पहिलं वाक्य हेच बोलावं की “माझा मुतखडा मशीननं फोडलेला आहे.” माझ्या ओळखीच्या त्या शेतकऱ्यानं हे सांगितलं असतं तर तीन दिवस वाचले असते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते, हे घरातल्या सगळ्यांना माहीत हवं.

परत जायचंच, दुखो वा न दुखो

चुरा पडायला काहींना चार दिवस लागतात, काहींना कित्येक आठवडे, कधी तीन महिनेही. म्हणून डॉक्टर दोन ते चार आठवड्यांनी एक्स-रे किंवा सोनोग्राफी करतात आणि गरज पडल्यास पुढे पुन्हा करतात. काहींना मशीनवर दुसऱ्यांदा झोपावं लागतं. त्यात फसवणूक झाली असं समजू नये. कठीण खडा एका बैठकीत फुटतोच असं नाही.

दर वेळी नागपूर-अमरावती गाठणं परवडत नसेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाच आधी विचारून घ्यावं की यवतमाळला तपासणी करून रिपोर्ट पाठवला तर चालेल का. येथील वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात एक्स-रे व सोनोग्राफीची सोय आहे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत मुतखड्याच्या उपचारांचा समावेश आहे. कोणत्या रुग्णालयात कोणता उपचार योजनेत बसतो हे दाखल होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राकडून समजून घ्यावं.

ज्यांच्या किडनीत स्टेंट म्हणजे आतली नळी ठेवली आहे, त्यांनी तर तारीख भिंतीवर लिहून ठेवावी. तो स्टेंट काही आठवड्यांचा पाहुणा आहे. काढायचा राहिला तर त्याच्यावरच खडे धरतात, आणि मग साध्या कामाची मोठी शस्त्रक्रिया होते.

पुन्हा होऊ नये म्हणून

एकदा खडा झालेल्याला पुन्हा होण्याची शक्यता बरीच असते. इटलीत १९९ रुग्णांवर पाच वर्षे झालेला एक अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी पाणी वाढवून दोन लिटरवर लघवी राखली त्यांच्यात १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला, इतरांत २७ टक्क्यांना. पाण्याइतकं स्वस्त औषध नाही.

खाण्यात मीठ कमी करावं. पापड, लोणचं, वरून घेतलेलं मीठ याला आवर घालावा. मांसाहार बेताचा ठेवावा. दूध-दही मात्र सोडू नये. आहारातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं, त्यामुळे दूध तोडल्यानं खडे कमी न होता वाढू शकतात. कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा असेल तर पालकाचं प्रमाण कमी करावं. साखर-मीठ न घालता लिंबूपाणी चांगलं. बिअरनं खडा पडतो ही समजूत सोडून द्यावी; दारूनं अंगातलं पाणी आटतं.

कुळथाचं कढण, पानफुटीचं पान, गोखरूचा काढा हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. कढणानं पोटात पाणी जातं, एवढा फायदा नक्की. पण काढा घेतला म्हणून तपासणी चुकवणं हे उगवणशक्ती न तपासता पेरण्यासारखं आहे.

गावानं काय करावं

शेतमजूर बायका दिवसभर पाणी पीत नाहीत. कारण विचारलं तर त्या सांगत नाहीत, पण रानात आडोसा नाही हे खरं कारण असतं. शेतमालकानं धुऱ्यावर ताडपत्रीचा आडोसा केला तर त्याला फार खर्च नाही. रोजगार हमीच्या कामावर पिण्याचं पाणी आणि सावली देणं नियमातच आहे. ते प्रत्यक्षात आहे की नाही हे सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे आपले ग्रामसेवक, यांनी जातीनं पाहावं. गावातला माणूस खडा फोडून आला की आशाताईंनी त्याच्या पुढच्या तपासणीची तारीख टिपून घ्यावी आणि दोन दिवस आधी आठवण करावी. उन्हाळ्यातल्या ग्रामसभेत पाणी तपासणीचा अहवाल वाचून दाखवावा.

त्या शेतकऱ्याची भेट आताही होते. गेल्या खेपेला त्यांनी आपणहून सांगितलं, “या महिन्यात फोटो काढून आलो जी, साफ आहे.” मी विचारलं नव्हतं, तरी त्यांनी सांगितलं. तुमच्या गावात कोणी खडा फोडून आला असेल, तर तुम्ही मात्र विचारा. दुखतं का, एवढंच विचारू नका. पडला का, दाखवून आलात का, असं विचारा.